झोपवलं त्यानं उठवायचं

माझ्या थोरल्या काकांना सगळी पेठ अंगाई म्हणायची. अंगानं रेड्यासारखा माणूस, पंजे फावड्याएवढे, आणि नाव अंगाई. नवखं गिऱ्हाईक हमामखान्याच्या दारात उभं राहून विचारायचं, "अंगाई कोण हो इथं?" त्याला वाटायचं, आतून एखादी म्हातारी येईल. आतून काका यायचे, उघडेबंब, कमरेला ओलं फडकं, कोपरापर्यंत तेल. निम्मी माणसं तिथंच अंग चोरून घ्यायची.

पण एकदा त्या दगडी ओट्यावर पालथं पडलं की संपलं. काका आधी काहीच करायचे नाहीत. नुसता हात पाठीवर ठेवून वाट बघायचे. कशाची, ते त्यांनाच ठाऊक. मग अंगठा मणक्याशेजारून खाली यायचा, गढूळ पाण्यात बुडालेला दोर चाचपत यावं तसा. गाठ लागली की थांबायचा. "इथं कोण बसलंय?" असं ते पाठीलाच विचारायचे. दिवसभर बायकोशी भांडून आलेला तांबट असो की दाढदुखीनं वेडा झालेला शिंपी, थोड्याच वेळात ओट्यावरून घोरण्याचा आवाज यायचा आणि बाहेर कपडे काढत बसलेली माणसं एकमेकांना डोळा घालायची. निजला.

हमामखाना आजोबांचा. त्यांच्या हातून एकदा एक माणूस झोपला तो झोपलाच. वाफेत त्याचं काळीज थांबलं, आणि आजोबा त्या वेळी बाहेर उन्हाला बसून कोणाशी तरी गप्पा छाटत होते. तेव्हापासून त्यांनी नेम घातला: झोपवलं त्यानंच उठवायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तळपायांवर दोन थापा, आणि पाठोपाठ प्रश्न, "कोण आलं?" गिऱ्हाइकानं आपण कोण ते सांगायचं. मी तांबट. मी शिंपी. कुणी डोळे किलकिले करून नुसतं "हं" म्हटलं तर तिसरी थाप, आणि ती चांगली सणसणीत. "झोपेत माणूस कुठं जातो ते आपल्याला कळत नाही," आजोबा म्हणायचे. "पण गेला तोच परत आला का, एवढं बघून घ्यावं."

काकांनी हा नेम जन्मभर पाळला. एकदा सोडून. ही गोष्ट त्या एकदाची आहे.

माझे बाबा काकांचे धाकटे भाऊ. ते नावाडी होते. गावाखालच्या नदीत त्यांची नाव चालायची, आणि नदीच्या अंगची प्रत्येक खोड त्यांना ठाऊक होती. गावाच्या वरच्या अंगाला नदी एक वळण घेते. तिथं पाणी चढलं की बाबा कितीही मोठ्या माणसाला नाही म्हणायचे. "त्या वळणावर नदी भाडं घेत नाही, माणूसच घेते," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आजी म्हणायची, "एक पोरगं वाफेवर जगतं, एक पाण्यावर. देवानं मला जमिनीवर उभं राहणारं एकही दिलं नाही."

लढाई आली ती नदीपर्यंत येऊन थांबली. पलीकडे ते, अलीकडे आम्ही. नावाडी म्हटल्यावर बाबांना घरी कोण ठेवतो? नावांच्या तुकडीत पहिल्याच दिवशी घेतलं, आणि वल्ही चांगली मारतात म्हणून पहिल्या नावेवर बसवलं. मी तेव्हा आईच्या पोटात होतो.

तुकडीत प्रत्येकाला शिध्याबरोबर पत्र्याची एक चपटी डबी मिळायची. आत गोळ्या. त्यांचं सरकारी नाव लांबलचक होतं, शिपाई त्यांना घुबडी म्हणायचे. एक खाल्ली की झोप नाही, भूक नाही, भीती नाही, पाय दुखत नाहीत. तोंड मात्र थांबत नाही. बाबा दोन दिवसांच्या रजेवर आले, तर त्यांनी घरातली सगळी भांडी घासली, मग अंगण झाडलं, मग शेजारणीकडे जाऊन तिची भांडी मागितली. शेजारीण आईला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला लढाई मानवली गं. माझ्याला पण धाडते." सगळ्या हसल्या. आजी हसली नाही. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. "याचा जबडा बघा," ती म्हणाली. "लोक झोपेत दात खातात. हा जागेपणी खातोय."

रजा संपवून बाबा गेले, आणि पुढच्याच आठवड्यात सेनापतींचा मुक्काम आमच्या गावात मुलींच्या शाळेत पडला.

शिपाई सेनापतींना जागल्या म्हणायचे. त्यांच्या खिडकीतला दिवा विझलेला कुणी पाहिला नव्हता. पहाटे, भर दुपारी, केव्हाही जा, साहेब नकाशावर वाकलेले. गस्तीवरचे शिपाई एकमेकांना सांगायचे, "जागल्या जागा आहे ना, मग आपल्याला काय होतंय." आईसुद्धा पाणी भरून येताना त्या खिडकीकडे बघून यायची. तिला धीर वाटायचा.

एके दिवशी जेवणवेळ टळल्यावर हमामखान्यात एक किडकिडा डॉक्टर आला. वर्दीतला. चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकानं पुसत म्हणाला, "अंगाई तो कोण?"

"मी."

डॉक्टरानं काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं होय," म्हणाला, आणि कपडे उतरवून ओट्यावर पालथा झाला. काकांनी हात ठेवला. नंतर काका सांगायचे, त्या पाठीवर पाल बसावी तशी थरथर होती, कातडीखालून पळणारी. गाठ अशी नव्हतीच. सगळी पाठच एक गाठ. तरी तो झोपला. थापा मारल्या, "कोण आलं?" विचारलं, तर डॉक्टर उठून बसला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. हात स्थिर होते.

"मी डॉक्टर," तो म्हणाला. "आणि तू माझ्याबरोबर चल."

शाळेत साहेबांना विज्ञानाची खोली दिली होती. भिंतीला काचेची कपाटं, त्यांत बाटल्यांमध्ये बुडवलेले बेडूक, आणि कोपऱ्यात लोखंडी सळईला टांगलेला माणसाचा सांगाडा. सांगाड्याच्या दोन बरगड्या तुटलेल्या होत्या आणि मागच्या भिंतीत भोक होतं. काकांनी भोकाकडे पाहिलं.

"परवा साहेबांचा टेबलावरच डोळा लागला," डॉक्टर हळूच म्हणाला. "एका अधिकाऱ्यानं खांद्याला धरून उठवलं. साहेबांनी पिस्तूल काढलं. नशीब, बार मेलेल्याला लागला."

"म्हणजे मी उठवायचं?"

"तूच झोपवणार, तूच उठवणार. तुझा नेमच आहे ना तसा? बाकी कुणी हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय. आणि एक. साहेब बोलतील. गोळ्यांनी तोंड मोकळं होतं. तू बहिरा आहेस."

"बरं."

"काय म्हणालो मी?"

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले. डॉक्टर त्या खोलीत पहिल्यांदा हसला.

साहेब आत आले ते लांब-लांब पावलं टाकत. उंच माणूस, डोळे आरशासारखे चकचकीत, ओठ वाळून भेगाळलेले, आणि जबडा चालू. आजीनं बाबांचा दाखवला होता तसाच. काकांना क्षणभर वाटलं, आपला धाकटाच म्हातारा होऊन समोर उभा आहे.

त्या पाठीबद्दल काका, एकदा तोंड उघडल्यावर, पुढं जन्मभर बोलत राहिले. जणू एखादा माणूस नाही, त्यांनी एखादा डोंगर पाहिला होता. "हात ठेवला," ते म्हणायचे, "आणि मला आत पळणं ऐकू आलं. काळीज असं धावत होतं, पोत्यात कोंडलेलं कबूतर जसं. खांदे म्हणजे पिळून वाळत घातलेलं चिरगूट. पोटऱ्यांत दोर. आणि सगळ्याच्या खाली, अगदी खोल, काहीतरी दमलेलं होतं, इतकं दमलेलं की मला वाटलं हे एकट्या माणसाचं नाही. अख्ख्या सैन्याची राहिलेली झोप या एका पाठीवर येऊन बसलीय." असं म्हणून ते आपल्या पंजाकडे बघायचे. अजून तिथं काही चिकटलं असल्यासारखं.

साहेब पालथे पडून बोलत राहायचे. पूल, रस्ते, घोडे, बापानं लहानपणी ज्यात कोंडलं ती खोली, पुन्हा पूल. मध्येच म्हणायचे, "मी कधी दमत नाही, माहीत आहे?" काका बहिरे. अंगठा चालू. साहेबांना डुलकी लागायची, पण उथळ. दोन थापा, "कोण आलं?" की उत्तर तयार असायचं. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "तुझा बाप." दुसऱ्या दिवसापासून, "सेनापती." असं ठासून, जणू कुणी नाही म्हणतंय.

रोज सकाळी डॉक्टर सुई द्यायचा. दुपारी घुबडी, त्याही एकदम मूठभर. संध्याकाळी झोपेच्या औषधाचे थेंब, आणि त्या थेंबांचं आता काही चालत नव्हतं. एकदा कपाटाशी उभं राहून सुई उकळत्या पाण्यात टाकता टाकता डॉक्टर काकांना म्हणाला, "तुला वाटतं ही लढाई कोण लढतंय? साहेब? तुझा भाऊ? आम्ही पकडलेल्या माणसांचे खिसे बघतो. पलीकडच्यांकडेही अशीच डबी असते. रंग तेवढा वेगळा. दोन्ही काठांवर माणसं झोपलेली नाहीत. गोळी गोळीशी लढतेय आणि माणूस मध्ये फुकट मरतोय."

"मग देता कशाला?"

"थांबवली तर साहेब दोन दिवस उठणार नाहीत. आणि ते उठले नाहीत तर सैन्याला कळेल की हा माणूस आहे." त्यानं चष्मा पुसला. "ते परवडत नाही."

काका घरी यायचे, हात धुवायचे, जेवायचे. काकी विचारायची, "कसा आहे हो सेनापती?" काका म्हणायचे, "पाठ आहे त्याला." यापलीकडे अक्षर नाही. पण आजीच्या लक्षात आलं होतं. पूर्वी हा माणूस आडवा झाला की घरातली भांडी हलतील असा घोरायचा. आता नुसता छताकडे बघत पडायचा.

आणि मग तो दिवस आला. वरच्या डोंगरात पाऊस झाला होता, नदी चढून तांबडी झाली होती. काका शाळेत गेले तेव्हा नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि त्यावर निळ्या पेन्सिलीनं एक जाड रेघ ओढलेली होती, अलीकडून पलीकडे, बाणासारखी. काकांना नकाशातलं काही कळत नव्हतं. पण नदीचं वळण ज्यानं एकदा पाहिलंय त्याला ते कागदावरही ओळखू येतं.

साहेब ओट्यावर, म्हणजे त्या प्रयोगाच्या लांब टेबलावर, पडले आणि बोलायला लागले. आज सूर्य बुडताना. सगळ्या नावा. वळणावरून. शत्रूला वाटणारच नाही की तिथून कुणी येईल. "पाणी चढलंय म्हणतात," साहेब हसले. "चढू दे. पाण्याला मी सांगतो."

काकांचा अंगठा थांबला.

"का थांबलास?"

"गाठ आहे," काका म्हणाले.

काकांना एवढं माहीत होतं: नावा सोडायचा शब्द साहेबांच्याच तोंडून जायचा. तसा त्यांचा कडक दंडक होता. माणसं मरणाच्या दारात पाठवायची तर ते आपण बोलून पाठवायचं. चिठ्ठी नाही, दुसऱ्याचा निरोप नाही. काका सांगायचे, त्या दंडकासाठी तरी तो माणूस मोठा होता. बाहेर अधिकारी शब्दासाठी उभे राहणार, पहिल्या नावेत धाकटा वल्ही धरून बसणार. सूर्य बुडायला दुपार जायची होती.

मग काकांनी जे केलं ते त्यांनी कधीच कुणावर केलं नव्हतं. इतर वेळी ते माणूस झोपण्यापुरतं दाबायचे. त्या दिवशी ते गाठीमागून गाठ सोडवत गेले, जिथं कुणी कधी पोचलं नव्हतं तिथवर. मान, कानामागची जागा, जबड्याचे सांधे. साहेब बोलत होते, मग शब्द तुटक झाले, मग नुसतं "पूल... पूल...", आणि मग जबडा थांबला. काका म्हणायचे, "इतके दिवस गिरणी चालू असावी आणि एकदम पट्टा निसटावा, तसं. मला त्या शांततेचीच भीती वाटली." काळीज हळूहळू खाली आलं. कबूतर बसलं. आणि साहेब झोपले, उथळ नाही, विहिरीत दगड जावा तसे.

काका टेबलाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. साहेबांचे दोन्ही तळपाय त्यांनी दोन पंजांत धरले. थापा मारायच्या जागी नुसते धरले.

उन्हं तिरपी झाली. दार किलकिलं झालं. दुय्यम साहेब होते, जाड, जरा धापा टाकणारे.

"उठव."

"अजून गाठ सुटली नाही," काका म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा. "काय रे?"

"सुटतेय."

तिसऱ्यांदा ते आतच आले. "वेळ झाली. तू नसशील उठवत तर मी उठवतो." दोन पावलं पुढं टाकली, आणि त्यांची नजर सांगाड्याच्या तुटक्या बरगड्यांवर गेली. तिथून भिंतीतल्या भोकावर. ते जागीच उभे राहिले. "डॉक्टरला बोलवा," बाहेर बघून म्हणाले.

डॉक्टर आला तो सुई भरूनच. ती सुई मेलेला उठेल अशी होती. तो टेबलाजवळ आला, साहेबांची बाही वर सारली, आणि थांबला. साहेबांचं तोंड थोडं उघडं होतं. गालावर टेबलाच्या लाकडाचा वळ उठला होता. कपाळावर एकही आठी नव्हती. डॉक्टरानं वाकून बघितलं, तो इतका वेळ बघत राहिला की दुय्यम साहेब खाकरले.

"मी यांना लढाईच्या पहिल्या वर्षापासून बघतोय," डॉक्टर पुटपुटला. "हे तोंड मी पाहिलंच नव्हतं."

मग त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी त्याच्याकडे. काका सांगायचे, त्या क्षणी त्याला सगळं कळलं, रेघ, वळण, नाव, भाऊ, सगळं. किंवा काहीच कळलं नसेल आणि त्यालाही नुसती झोपेची दया आली असेल. त्यानं सुई डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं.

"आत्ता सुई दिली तर काळीज फुटेल," तो दुय्यम साहेबांना म्हणाला. "द्यायची असेल तर तुम्ही द्या."

दुय्यम साहेबांनी हात मागे घेतले. खिडकीबाहेर उजेड तांबूस झाला, मग राखाडी झाला. नदीकाठी नावांच्या तुकडीत शब्दाची वाट बघून बघून माणसांच्या बुडाला ओल चढली, आणि शेवटी निरोप आला: परत फिरा. काकांनी पाय सोडले नाहीत. पहाटेपर्यंत त्यांचे हात लाकूड झाले होते. तहान लागली, उठले नाहीत. त्यांना एकच धास्ती होती: आजोबांच्या हातून गेला तसा हाही गेला तर? म्हणून ते अंगठ्याखाली घोट्याची नाडी धरून होते. धाकट्याला वाचवायला आपण दुसऱ्या कुणाच्या धाकट्याला मारत नाही ना, हे त्या नाडीला विचारत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं खोलीत आली तेव्हा काकांनी थापा मारल्या. दोन.

"कोण आलं?"

साहेबांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, बेडकांकडे पाहिलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "बघतो."

तिसरी थाप मारायची काकांची छाती झाली नाही.

साहेब उठून बसले. भूक लागली म्हणाले. शिपायानं आणलेलं सगळं खाल्लं, पुन्हा मागवलं. मग तोंड पुसत नकाशाकडे गेले. अधिकारी भिंतीला पाठ लावून उभे होते, आज कुणाचं तरी डोकं उडणार म्हणून. साहेबांनी नकाशा स्वतःकडे फिरवला. निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही रेघ कुणी ओढली?"

अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले.

"या पाण्यात? वळणावरून? कोण गाढव आहे हा?"

दुय्यम साहेब पुढं आले. "आपणच, साहेब. काल सकाळी."

साहेबांनी आपला उजवा हात वर केला आणि उलटासुलटा करून पाहिला, दुकानात अनोळखी वस्तू बघावी तसा. काका कोपऱ्यात सांगाड्याशेजारी उभे होते. "मी खूप पाठी पाहिल्या," ते म्हणायचे, "पण माणूस स्वतःच्याच हाताला घाबरलेला मी तेव्हाच पाहिला." साहेबांनी अंगठा जिभेला लावून ओला केला आणि रेघ पुसली. पुरी पुसली गेली नाही. नदीवर निळा डाग राहिला.

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. काकांना थांबवलं.

"मला वेळेवर का उठवलं नाहीस?"

"झोपला होता, साहेब."

"नावेत कोण आहे तुझं?"

काका म्हणाले, "धाकटा भाऊ. पहिल्या नावेत."

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंत?"

साहेबांनी खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तुला गोळी घातली असती. मग नावा सोडल्या असत्या." नकाशा गुंडाळत म्हणाले, "परत येऊ नकोस. आणि त्या थापा फार जोरात मारतोस."

काका दारापर्यंत पोचले तेव्हा मागून साहेबांचा आवाज आला, डॉक्टरला हाक मारणारा. काकांनी वळून पाहिलं. साहेबांनी हात पुढे केला होता, तळवा वर, जसं लहान मूल खाऊला करतं. डॉक्टरानं चष्मा पुसला, आणि तळव्यावर गोळ्या ठेवल्या. त्याच हातावर.

ते बघून काका घरी आले आणि सलग दोन दिवस झोपले. काकी नाकाशी हात धरून बघायची. उठल्यावर तिला एकटीला काय ते सांगितलं.

पुढं पाणी उतरल्यावर सैन्य खालच्या अंगानं, उथळ जागेतून पलीकडे गेलं. तिथंही माणसं मेली. बाबा मेले नाहीत. लढाई संपली, मी झालो, बाबा घरी आले. खिशात ती पत्र्याची डबी, रिकामी, पण टाकवत नव्हती. झोप मात्र घरी आलीच नाही. गावात तशी बरीच माणसं होती. सुतार मध्यान्ही रस्त्यानं नुसताच चालत सुटायचा, भाजीवाला बोलता बोलता जबडा आवळायचा. सगळे हमामखान्यात यायचे. काका एकेकाला ओट्यावर घ्यायचे. बाबांना तर रोज. रोज दोन थापा, "कोण आलं?" आणि बाबा म्हणायचे, "नावाडी." काका त्यांच्या डोळ्यांत जरा जास्तच वेळ बघायचे.

चार माणसं जमली की बाबांचा एक किस्सा ठरलेला असायचा. "अरे, आम्ही वळणावर वल्ही धरून बसलेलो, खाली नदी तोंड वासून, डोक्यात घुबडी, मी तर म्हणत होतो, सोडा एकदाची! आणि निरोप काय यावा? जागल्या झोपला! जन्मात न झोपलेला माणूस नेमका त्या दिवशी झोपला. तो झोपला म्हणून तर हे कार्टं बाप बघतंय." असं म्हणून माझ्या डोक्यावर टपली. सगळे हसायचे. काकाही हसायचे. बहिरे.

किती वर्षं हा किस्सा चालला. मी कॉलेजात गेलो तरी टपली चालूच. मग एका दुपारी, काकांच्याच घरी, जेवणं झाल्यावर बाबांनी तो पुन्हा काढला, आणि "जागल्या झोपला" म्हणताच काकी ताटं उचलता उचलता थांबली.

"झोपला नव्हता तो," काकी म्हणाली. "झोपवला होता. आता सांगा की हो. का मी मेल्यावर सांगणार आहात?"

काका म्हणाले, "जाऊ दे गं." पण ती बसलीच, ताटं मांडीवर घेऊन. तेव्हा काकांनी सांगितलं. आज मी सांगितलं त्याच्या पावपटही नाही. पाठ सांगितली, रेघ सांगितली, पाय धरून बसलो एवढं सांगितलं.

बाबा चेष्टा करतील असं मला वाटलं होतं.

"पहाटेपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पाय सोडले नाहीस?"

"सोडले असते तर उठला असता."

बाबा उठले, काकांच्या पायथ्याशी जाऊन बसले आणि त्यांचा एक पाय ओढून मांडीवर घेतला. काका दचकले. "काय करतोस? सोड." बाबांनी अंगठा घोट्याखाली रोवला आणि दाबायला सुरुवात केली. त्यांना ते काडीचं येत नव्हतं.

"हळू," काका कळवळून म्हणाले. "वल्हं नाही ते."

"गप्प पड."

काका गप्प पडले. आम्ही बघत राहिलो. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना निजवलं त्यांच्या अंगाला कुणी हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. बाबांचे नावाड्याचे हात चुकत होते, घसरत होते, भलत्याच जागी जोर लावत होते. तरी काकांचे डोळे मिटले. श्वास लांबला. आणि घरातली भांडी हलतील असं ते घोरायला लागले.

दुपार कलली. काकी म्हणाली, "भावजी, उठवा आता. हमामखाना उघडायचा आहे."

"मी कशाला?"

"झोपवलं त्यानं उठवायचं. ठाऊक नाही होय तुम्हाला?"

बाबांनी हात उचलला. उचललेला तसाच धरला. ते काकांच्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टरानं साहेबांकडे पाहिलं असेल तसे. मग तळपायांवर दोन थापा मारल्या, जरा भीतभीतच.

"कोण आलं?"

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"तू," म्हणाले.

"मी कधीचाच आलोय," बाबा म्हणाले. "तुझं विचारतोय." आणि त्यांनी तिसरी थाप मारली.